लांब पडलेलं पाऊल

कॅम्पला कोणी फार्महाउस म्हटलं की नानाकाकांच्या कपाळावर आठी पडायची. "फारमहाउस मोठ्या लोकाइचं असते. तिथं गेट असते, कुत्रं असते, चौकीदार असते. आपल्याइथं काय आहे? कॅम्प आहे हा, कॅम्प." एखाद्याने कॉटेज म्हटलं तर मात्र ते काही बोलायचे नाहीत. तो शब्द त्यांना मनातून आवडायचा, फक्त कबूल करायचे नाहीत.

नानाकाका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आजोबा अमरावतीकडून नोकरीसाठी रायपूरला आले आणि इथलेच झाले. नानाकाका सिंचाई खात्यात सर्व्हेअर होते. पुढे जिथून कालवा जाणार त्या रानात आधी जाऊन मोजणी करायची, हे त्यांचं काम. नोकरीची निम्मी वर्षं त्यांनी तंबूत काढली. निवृत्तीला दोन वर्षं उरली, तेव्हा चौबे कॉलोनीतल्या घरात आता कायमचं राहावं लागणार या विचाराने त्यांच्या तोंडचं पाणी पळालं असावं. त्यांनी राजिमच्या पुढे, पैरी नदीच्या काठाला, कोहाभाठा नावाच्या गावाबाहेर जमिनीचा एक लांबट तुकडा घेतला आणि त्यावर दोन खोल्या बांधल्या, हाच तो कॅम्प. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, पुढे नदीकडे तोंड केलेली परछी, म्हणजे रुंद ओसरी. पुरानी बस्तीत कोणाचं तरी घर पाडत होते, तिथून दारं-खिडक्या आणल्या. त्यामुळे एवढ्याशा घराला राजवाड्यासारखं जाड दार होतं आणि त्याला कुलूप कधीच नव्हतं.

मी तेव्हा दहा-बारा वर्षांची असेन. पुढची वीस-बावीस वर्षं आमचा प्रत्येक उन्हाळा तिथे गेला. आज आठवायला बसलं तर ते उन्हाळे वेगळे काढता येत नाहीत. कोणत्या वर्षी माझा दात पडला, कोणत्या वर्षी मी बी.एड.ची पुस्तकं घेऊन गेले, सगळं एकात एक मिसळून एकच लांबलचक दुपार झाली आहे. परछीवर चटया, खाली मोहाची गळलेली फुलं, नदीवरून येणारं गरम वारं, आणि मध्येच कुठेतरी नानाकाकांचा खोकला. रायपूरच्या सिग्नलला स्कूटर थांबवून उभी असले की कधीकधी तो मोहाचा वास मला येतो. आसपास मोहाचं झाड नसतं हे मला माहीत आहे, तरी मी एकदा वळून बघतेच.

मे महिन्यात पैरीला पाणी नावालाच उरायचं. आम्ही पोरं वाळूत हाताने खड्डा करायचो. तिकडे त्याला झिरिया म्हणतात. खड्डा केला की त्याच्याभोवती पालथं पडून बघत राहायचं. आधी वाळू ओली दिसायची, मग तळाला पाणी जमायचं, आधी गढूळ, मग हळूहळू नितळ. त्याला अर्धा तास लागायचा आणि त्या अर्ध्या तासात कोणी बोलायचं नाही, असा नानाकाकांचा नियम होता. "बोललं का पाणी लाजते," असं ते म्हणायचे. आम्हांला ते खरं वाटायचं. मला अजूनही थोडंसं वाटतं.

नियमांचं त्यांना वेडच होतं. परछीच्या भिंतीवर रोज सकाळी खडूने 'ड्यूटी' लिहिली जायची. पाणी कोण आणणार, भाजी कोण चिरणार, कंदील कोण पुसणार. पाच वर्षांच्या पोरालाही ड्यूटी असायची, मग ती 'मुंग्यांवर लक्ष' एवढीच का असेना. पहिल्याच वर्षी पहिल्याच सकाळी त्यांनी काकूच्या नावापुढे लिहिलं, 'शालिनी – आराम'. चौबे कॉलोनीत काकू पहाटेपासून उभी असायची. सासूचा काढा, तिघांचे डबे, आल्यागेल्याचा चहा. तिला वाटलं नवरा टोमणा मारतोय.

"मले चिडवून राहिले काय?"

"कॅम्पात रोज एकाले आराम असते. नियम आहे."

"मंग उद्या दुसऱ्याले द्या."

"उद्याची पाळीबी तुझीच आहे," नानाकाका खडू झटकत म्हणाले.

ती पाळी दुसऱ्या कोणावर कधी आलीच नाही. खिचडी नानाकाका करायचे, तीही तिखट, आणि काकू परछीतल्या बाजेवर पाय पसरून तेंदूची फळं खात बसायची. पहिले दोन दिवस तिला चुकल्यासारखं व्हायचं, ती उगाच उठून पातेल्यात डोकवायची. तिसऱ्या दिवसापासून ती गाणं गुणगुणायची. आमची काकू गुणगुणते हे रायपुरात कोणालाच माहीत नव्हतं.

नानाकाका चालत नसत, मोजत. सर्व्हेअरचं पाऊल ठरलेलं असतं म्हणे. त्यांचं अडीच फूट होतं. घरापासून भाजीवाल्यापर्यंत किती पावलं, शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत किती, सगळं त्यांना पाठ. मोजत असताना कोणी हाक मारली तर ते फक्त एक बोट वर करायचे. म्हणजे थांब, आकडा विसरेन. एकदा कॅम्पसाठी चादरी घ्यायला आम्ही पंडरीला गेलो होतो. नानाकाका बाजारात शिरल्यापासून मोजत होते. एका दुकानदाराने गाठलं, "आओ भैया, क्या दिखाऊँ?" यांनी बोट वर केलं. त्याने कापड पसरलं, "ये वाला?" यांचं बोट वरच. त्याने पटकन एक मीटर फाडून पुडकं बांधलं. नानाकाकांचा आकडा पूर्ण झाला तेव्हा त्यांच्या हातात मोरपंखी रंगाच्या सॅटिनचं पुडकं होतं. भांडण करायचं तर कबूल करावं लागलं असतं की आपण बाजारात पावलं मोजत होतो. त्यांनी निमूट पैसे दिले. काकू मात्र तिथेच हसायला लागली ती ऑटोत बसेपर्यंत हसत होती.

या मोजणाऱ्या माणसाचा एक हट्ट आम्हां पोरांना तेव्हा कळत नसे. खात्याची लोखंडी साखळी त्यांच्या ऑफिसात असायची, जमीन मोजायची. कॉलोनीतल्या मैदानावर आम्हांला खो-खोचं मैदान आखायचं होतं, म्हणून आम्ही ती मागितली. एका संध्याकाळचं काम होतं.

"ते सरकारची आहे," ते म्हणाले.

"काका, कोणाले समजते?"

"मले समजते ना."

मग त्यांनी सगळं मैदान पावलांनी मोजून आखून दिलं. ते इतकं चोख निघालं की शाळेचे पी.टी.चे सर बघायला आले. नानाकाका दोन दिवस मिशीत हसत होते. स्वतःच्या पावलाचा त्यांना गर्व होता, आणि तो त्यांना शोभायचाही.

कॅम्पच्या शेजारी मनराखनचं शेत होतं. तो नानाकाकांपेक्षा वीसेक वर्षांनी लहान, बारीक, कमी बोलणारा. सुरुवातीला त्याचे वडील होते, ते गेल्यावर शेत तो बघायचा. आम्ही नसताना घरात साप-विंचू शिरला का, कवेलू फुटले का, हे तोच बघायचा. आम्ही आलो की पहिल्या दिवशी त्याच्याकडून दुधाचा लोटा यायचा, आणि आम्ही निघालो की काकूच्या हातचं लोणचं त्याच्याकडे जायचं. नानाकाका आणि तो संध्याकाळी परछीवर शेजारी बसायचे. एक वऱ्हाडी मराठीत बोलायचा, दुसरा छत्तीसगढीत. दोघांना एकमेकांचं किती कळायचं देव जाणे, पण कधी अडल्याचं पाहिलं नाही.

मग तो उन्हाळा आला. नानाकाकांचा मुलगा प्रशांत बंगळुरूहून सहकुटुंब आला होता. त्याची मुलगी रेवा चौदा वर्षांची, मराठी सगळं समजणारी आणि उत्तर हिंदीत देणारी. जमिनीचे नकाशे तेव्हा मोबाइलवर दिसायला लागले होते. रेवा परछीवर लोळत कुठल्याशा नकाशावर बोटं फिरवत होती. एकदम उठून बसली.

"नाना, आप तो दूसरे के खसरे में बैठे हो."

आम्ही सगळे हसलो. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजणाऱ्याला नात सांगत होती की तुम्ही दुसऱ्याच्या जागेत बसला आहात. नानाकाकाही हसले. म्हणाले, "तुह्या फोनले म्हणा, आधी दहा वर्षं उन्हात काम कर." पण जेवताना त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही, हे काकूने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते टेप घेऊन निघाले. टेप स्वतःची, निवृत्तीनंतर विकत घेतलेली. तळ्याजवळ चांदा आहे, म्हणजे मोजणीचा पक्का दगड, जिथून गावातली प्रत्येक मोजणी सुरू होते. टेपचं दुसरं टोक धरायला मला नेलं. चांद्यापासून आम्ही मोजत आलो. उन्हं चढली, तरी ते थांबेनात. एकदा मोजून झालं, ते परत चांद्यापाशी गेले आणि पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्यांदा आम्ही पोचलो ते एका ओसाड जागेवर. मुरमाड लाल जमीन, खुरटी झुडपं. कॅम्प तिथून नदीकडे पंचाहत्तर फुटांवर होता.

"ही आपली," नानाकाका जमिनीकडे बघत म्हणाले.

"मग घर?"

"ते मनराखनच्या कछारात आहे."

नदीकाठच्या गाळाच्या जमिनीला कछार म्हणतात. सोन्यासारखी जमीन. आमचा तुकडा त्याच्या वरच्या अंगाला, भाठ्यात होता, जिथे गवतही नाखुशीने उगवतं.

मी विचारलं, असं कसं झालं. ते तिथेच एका दगडावर बसले. घाम पुसला नाही. जमीन घेतली तेव्हा ते नोकरीत होते, साखळी सरकारची होती. घरच्या कामाला ती आणायची नाही म्हणून त्यांनी चांद्यापासून पावलांनी मोजलं होतं. नऊशे पावलं.

"त्या दिवशी मी खुश होतो पोट्टे," ते म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा सोतासाठी जमीन मोजून राहिलो होतो. पाऊल लांब पडलं. पावलामागं एक इंच धर, नऊशे पावलाचे पंचाहत्तर फूट झाले."

मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, काका, एवढ्या-तेवढ्याने काय होतं, मनराखन आपलाच आहे. ते उठले आणि थेट त्याच्या घरी गेले. मी मागे.

मनराखन बैलाला पाणी पाजत होता. नानाकाकांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. त्याला आश्चर्य वाटलं नाही. "हव," तो म्हणाला, "पहिली मेड़ ओ डहर रिहिस. ददा ह कहिस, साहब नापे हे त सहिच होही."

मेड़ म्हणजे शेताचा बांध. पूर्वी त्यांचा बांध पलीकडे होता, बरोबर जागी. साहेबांनी मोजलंय म्हणजे ते खरंच असणार, असं म्हणून त्याच्या बापाने स्वतःचा बांध स्वतःच्या हाताने खणून मागे सरकवला होता. कॅम्पचा पाया भरत असताना तोच म्हातारा आमच्यासाठी पाणी आणायचा.

मनराखनच्या मनात काही नव्हतं. तो म्हणाला, घर उभं राहिलंय ते राहू दे, तेवढा भाठ्याचा तुकडा मला द्या, बरोबरी झाली. कागद करून टाकू. नानाकाकांनी नकारार्थी मान हलवली आणि परत फिरले. त्या दिवशी भिंतीवर ड्यूटी लिहिली गेली नव्हती, आणि खिचडी कोणी टाकायची यावरून आमचा गोंधळ उडाला.

रायपूरला परतल्यावर चौबे कॉलोनीतल्या घरात तीच एक गोष्ट चालायची. नानाकाकांचं ठरलं होतं, जमीन परत द्यायची आणि घरासकट द्यायची. प्रशांत बंगळुरूहून रोज फोन करायचा. "बाबा, बावीस वर्षं झाली. तो अदलाबदल करतो म्हणतो. करा ना."

"भाठा देऊन कछार घेऊ?"

"त्याने स्वतः म्हटलं ना?"

"तो म्हणून राहिला कारण तो भला आहे. त्याच्या भलेपणावर मी घर ठेवू काय?"

पण खरी लढाई काकूशी होती. बाकी आम्हां सगळ्यांना ती सुट्टीची जागा होती. काकूला ती जगात एकच जागा होती जिथे तिच्या नावापुढे आराम लिहिलेला असायचा. कॅम्प गेला तर ती बाज गेली, ते वारं गेलं, ते गुणगुणणं गेलं. हे तिने असं सांगितलं नाही, ती एवढंच म्हणाली, "पाऊल तुमचं लांब पडलं, न् शिक्षा मले काहून?" आणि मग बोलायचीच थांबली. नानाकाकांसमोर ताट ठेवायची, चहा ठेवायची, शब्द ठेवायची नाही.

मी एकदा दुपारी गेले तेव्हा नानाकाका अंगणात एकटेच बसले होते. मला म्हणाले, "तुही काकू बरोबर म्हणते. मीबी बरोबर आहो. आता काय करू, सांग." इतकी वर्षं मी त्यांना ओळखत होते, त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. मी नुसती बसून राहिले आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दहा-बारा दिवस असे गेले. एका सकाळी मी काकूसोबत चिंच फोडत बसले होते. बोलता बोलता मनराखनच्या बापाचा विषय निघाला. बांध त्याने स्वतः हलवला होता, हे नानाकाकांनी तिला सांगितलंच नव्हतं. आपली बाजू जड करायला एका मेलेल्या माणसाला मध्ये आणायचं नाही, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात असणार. मी सांगून टाकलं. काकूचा हात थांबला.

"म्हाताऱ्याने सोताच्या हातानं?"

"हो."

"तो तर तवा मले वयनी वयनी करून पाणी आणून देत जाय." ती पदराला हात पुसून उठली, अंगणात गेली आणि इतक्या दिवसांनी नवऱ्याशी बोलली. "कदी जायचं कागदावर सही कराले?"

मी पहिल्यांदाच नानाकाकांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं. ते लपवायला त्यांनी चष्मा काढला, त्याने ते जास्तच दिसलं.

सगळं रीतसर झालं. मनराखन शेवटपर्यंत नको म्हणत होता, पण नानाकाकांपुढे त्याचं काय चालणार. त्याच्या मुलाचं त्याच वर्षी लग्न झालं, आणि मुलगा-सून त्या दोन खोल्यांत राहायला आले. भाठ्याचा आमचा तुकडा तसाच पडून आहे. मनराखनची बकरी तिथे चरते.

नानाकाका जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांची आठवण काढायची तर माझ्याकडे पुष्कळ आहे, पण डोळे मिटले की दिसतो तो घर दिलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातला एक दिवस. मनराखनने नातवाच्या छठीला बोलावलं होतं, बाळ जन्मलं की सहाव्या दिवशी करतात तो समारंभ. मी गाडी चालवत होते, मागे काकू आणि ते. पोचलो तेव्हा दुपार झाली होती. भिंती नव्याने पांढऱ्या सारवल्या होत्या, परछीत बायका बसल्या होत्या, आतून सोहरची, म्हणजे बाळजन्माची, गाणी ऐकू येत होती. काकू सरळ बायकांत जाऊन बसली. मीही चपला काढून वर चढले आणि मागे वळून पाहिलं, तर नानाकाका अंगणातच उभे.

ऊन रणरणत होतं. धुतलेला पांढरा शर्ट, हातात बाळाच्या झबल्याची पिशवी. दार सताड उघडं होतं. त्या दारातून ते हजारदा आत-बाहेर झाले असतील. ते पायरीच्या खाली थांबले होते.

मनराखनने आतून पाहिलं. "काबर खड़े हव? आवव ना!"

"पहिले नीट बोलाव तर खरा," नानाकाका म्हणाले.

मनराखनला कळलं. तो हसला नाही. हातातलं टाकून बाहेर आला, पायरी उतरला, हात जोडले, आणि एखाद्या नव्या पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाला, "आवव बबा. बइठव."

तेव्हा नानाकाकांनी चपला काढल्या. वाकून आत आले. भिंतीशी नवी सून डोक्यावर पदर घेऊन उभी होती, तिच्या कुशीत बाळ. त्यांनी पिशवी तिच्यापाशी ठेवली, एकदा सगळ्या घरावरून नजर फिरवली आणि हळूच तिला विचारलं, "बेटा, कहाँ बइठँव?"

तिने बाज दाखवली. ते बसले.